बोर्डोचा एक हात

गेल्या रविवारी नाशिकजवळच्या एका वायनरीत आम्ही उभयता वाइनची चव घ्यायला गेलो. प्यायला नव्हे. प्यायला माणूस अंधार पडल्यावर जातो. चव घ्यायला सकाळी अकरा वाजता, बायकोला घेऊन, उजळ माथ्यानं जाता येतं. शिवाय आपल्याकडे पिण्याला परवाना लागतो आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा तो परवाना सरकार आरोग्याच्या जपणुकीसाठी म्हणून देतं. तेव्हा आम्ही औषधाला गेलो होतो असं म्हटलं तरी चालेल. मापही काढ्याचंच होतं. तीस मिलिलिटरचा एक, असे पाच पेले.

समोर काळा एप्रन बांधलेला पंचविशीतला मुलगा. पहिला धडा उच्चारांचा. बाटलीवरचं नाव मी 'कॅबरनेट सॉव्हिग्नॉन' असं खणखणीत वाचलं. तो अदबीनं म्हणाला, "सर, कॅबर्ने सोव्हिन्यों." टी गेला, जी गेला, शेवटचा एन नाकात गेला. बाटली जितकी भारी, तितकी गिळायची अक्षरं जास्त, हा हिशेब माझ्या ध्यानात आला.

दुसरा धडा थुंकण्याचा. खरा जाणकार म्हणे घोट तोंडात खेळवतो आणि थुंकतो. म्हणून टेबलावर एक चकचकीत पिकदाणी होती. ज्या देशात जिन्याच्या प्रत्येक वळणावर 'येथे थुंकू नये' वाचत मी लहानाचा मोठा झालो, तिथे कुणीतरी मला आग्रहानं थुंकायला सांगत होतं. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू थुंकणं आमच्या घराण्यात बसत नाही. फ्रेंच माणूस अक्षरं गिळतो आणि वाइन थुंकतो. मी अक्षरं थुंकली आणि वाइन गिळली.

मग आल्या चवी. मुलगा प्रत्येक पेल्याला दोन-तीन फळं सांगायचा : गूसबेरी, पीच, ब्लॅककरंट. यातलं एकही झाड आमच्या आळीत नव्हतं. सापडत नाही म्हणावं तर अडाणी ठरतो, सापडलं म्हणावं तर साक्षीदार हवा. म्हणून मी वहीत स्वतःपुरत्या नोंदी केल्या. शेनिन ब्लां : पन्हं, पण कैरी उकडायची राहून गेलेलं. सोव्हिन्यों ब्लां : पावसाळ्यात मैदानावरून थेट वर्गात आलेले कॅनव्हासचे बूट. झिनफँडेल रोझे : लहानपणी तापात मिळणारं गुलाबी औषध, बरं वाटल्यावरही मागावंसं वाटणारं. शिराझ : आमसुलाच्या सारात मिरी जास्त झाली आणि ते सार सागवानी पाटावर सांडलं.

पाचवा पेला कॅबर्नेचा. हिनं नाक आत घातलं आणि म्हणाली, "ढोबळी मिरची." मला वाटलं, जाताना घ्यायची आठवण करून देतेय. पण मुलगा उडालाच. "मॅडम, अगदी बरोबर!" ढोबळी मिरचीला तिचा वास देणारं पायराझिन नावाचं द्रव्य कॅबर्नेच्या द्राक्षातही असतं म्हणे. ज्या नाकानं सत्तावीस वर्षं फक्त माझ्या थापा हुंगल्या, त्याचा असा जाहीर सत्कार मी प्रथमच पाहिला. अभिमान वाटला आणि धोकाही.

घरी येऊन मी अभ्यासाला लागलो. कळलं की रिसलिंग नावाच्या पांढऱ्या वाइनला मुरल्यावर रॉकेलसारखा वास येतो आणि शौकीन त्याची तारीफ करतात. आमच्या चाळीत या सुगंधासाठी डबा घेऊन रेशनच्या रांगेत उभं राहावं लागे, तोही कार्डावर मोजून मिळे. आणखी कळलं ते बोर्डोबद्दल. फ्रान्समधल्या या वाइनच्या पंढरीत २००१ साली एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्राच्या चोपन्न विद्यार्थ्यांना पांढरीच वाइन लाल रंग घालून दिली होती. त्यांनी तिच्यात लाल वाइनचे सगळे गुण शोधून काढले. म्हणजे नाक डोळ्यांच्या सांगण्यावर चालतं. मला हायसं वाटलं. तेव्हापासून सोसायटीत मी 'बोर्डोचा बाज वेगळाच' असं, बोर्डोचा थेंबही न चाखता, म्हणू लागलो. कुणी हटकलं नाही.

याच तोऱ्यात दिंडोरीकडे मामेभावाच्या मळ्यात गेलो. दादा एका वायनरीला कराराची द्राक्षं देतो : बारीक मणी, जाड साल, आत बिया. खायला कुणी घेणार नाही अशी. मी सहज विचारलं, "दादा, तू बोर्डो घेतोस की नाही?"

"घेतो म्हणजे? छाटणी झाली का एक हात मारतोच."

"एकटाच?"

"गडी असतो ना बरोबर. दोनशे लिटरचा ड्रम भरून ठेवतो सकाळीच."

मी त्याच्या प्रकृतीकडे नव्या आदरानं पाहिलं. "चव कशी ओळखतोस?"

"चव कसली? विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबडं चढलं का चुना कमी पडला."

मग उलगडलं. दादाचं बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. वेलीवरच्या केवड्यावर मारायचं निळं पाणी. त्याचा जन्मही बोर्डोचाच. तिथले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत; द्राक्षांवर विष आहे असं वाटून चोरांनी हात आखडावेत म्हणून. त्या वेली रोगापासून वाचल्याचं मिलार्दे या शास्त्रज्ञानं हेरलं आणि १८८५ मध्ये औषध जाहीर केलं. म्हणजे बोर्डो नावाचा पहिला धाक फुकट्यांसाठी होता. हे ऐकताना मी तोडत असलेला घड हळूच सोडला.

दादासाठी नेलेली शिराझ उघडली. पेला नव्हता, स्टीलचं फुलपात्र होतं. त्यानं ना फिरवलं ना हुंगलं. एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावून पाहिली आणि म्हणाला, "माल घाईनं तोडलाय. बी हिरवी असणार. मार्चात आभाळ आलं असेल, भ्यायला असेल बिचारा."

मी ते वाक्य लगेच वहीत उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी सोसायटीत ते माझं म्हणून सांगणार आहे. फक्त त्यात न उच्चारायची दोन-चार अक्षरं तेवढी घालावी लागतील.