विंग कमांडर, दुसरी पाळी

मार्शल म्हणून हाक मारली की ते चिडतात. चेष्टा केली म्हणून नव्हे, हुद्दा चुकला म्हणून. "दोन स्क्वाड्रनच्या हवाई दलाला एअर मार्शल कशाला लागतोय? विंग कमांडर लई झाला," असं समजावून ते पुन्हा कास्टिंगवर वाकतात. म्हणून अख्खं मशीन शॉप त्यांना 'विंग' म्हणतं. त्यालाही त्यांची हरकत आहे, पण अर्धीच. निम्मा हुद्दा तरी बरोबर आहे.

हे दोन स्क्वाड्रनचं हवाई दल करवीर संस्थानचं. ते कधीच अस्तित्वात नव्हतं, हे विंगना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणूनच त्याची विमानं ते घरी बनवतात, एकास बहात्तर प्रमाणात.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाच तारे शोधायला जाऊ नये. मुंबईहून नोकरीला आलेली पोरं पहिल्या दिवशी जरा बिचकतात. मग गेटबाहेरच्या टपरीवर चहा पितात आणि भानावर येतात. इथं एकीकडं सूत, एकीकडं इंजिनं. आणि इंजिनांच्या अवतीभवती त्यांचे सुटे भाग करणारे अगणित शेड. अशाच एका शेडात विंग क्वालिटीला आहेत. समोर सरफेस प्लेट, हातात मायक्रोमीटर, नाकावर घसरलेला चष्मा. मालात ब्लोहोल दिसला की लाल रंगाचा ठिपका देतात आणि तो ठिपका देवानंही पुसू नये अशी त्यांची अपेक्षा असते. शिरोलीचा एखादा फाउंड्रीवाला गयावया करत येतो, "साहेब, एवढा लॉट डेव्हिएशनवर घ्या की, परत असं व्हायचं न्हाई." विंग मान हलवतात. दोन शतांश मिलिमीटर म्हणजे दोन शतांश मिलिमीटर.

हाच माणूस घरी गेला की इतिहासाला मात्र डेव्हिएशन देतो. पण एकच, आणि तेही लेखी. त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं नाही. बस्स. त्यापुढं सगळं मापात.

आता, असतं-तर हा खेळ मराठी माणसाला नवा नाही. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, महाराजांना आणखी दहा वर्षं मिळाली असती तर, यावर आपल्याकडं चहाच्या किती किटल्या रिकाम्या झाल्या याचा हिशेब नाही. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' लिहून या खेळाला विज्ञानकथेची बैठक दिली. नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. हे विंग अशा थाटात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, वही नारळीकरांनीच तपासून दिली. पण चहावरचा असतं-तरवाला आणि विंग यांच्यात फरक आहे. चहावरचा अटकेपार जाऊन थेट लंडनला पोचतो. विंग उजळाईवाडीच्या पुढं जात नाहीत.

उजळाईवाडी तरी का? तर धावपट्टी खरी आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, कोल्हापूरला विमानतळ झाला. "धावपट्टी होती, म्हणजे विमान येणारच की," हा विंगचा पहिला सिद्धांत. दुसरा वळिवड्याचा. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. मी एकदा उत्साहाच्या भरात सुचवलं, "मग पायलट पोलिश दाखवा की!" त्यांनी माझ्याकडं लाल ठिपका देताना बघतात तसं बघितलं. "छावणीत बहुतेक बायका आणि पोरं होती. पायलट कुठनं आणणार? एक मेकॅनिक ठेवलाय मागं. तोबी म्हातारा हाय."

विमान ठरवायला त्यांना खूप दिवस लागले. शेवटी नॅट हे लढाऊ जेट ठरलं. कारण पुन्हा दप्तरी: संस्थान लहान, विमान लहान. "फिनलंडनं तेरा नॅट घेतली. ते घेऊ शकतात, आपण न्हाई व्हय? आपण सहा घेतली." आपण! पैसा कुठून आला, असं विचारायची सोय नाही. वहीत गुळाच्या जकातीचं पान आहे. पंखाखाली क्षेपणास्त्रं लावा म्हणणाऱ्या भाच्याला त्यांनी तेच पान दाखवलं. दरबारानं खर्च नामंजूर केला होता.

अडचण वेगळीच निघाली. हाती लागला तो एअरफिक्सचा किट ब्रिटनच्या रेड ॲरोज पथकाच्या नॅटचा, म्हणजे दोन आसनी सरावाच्या विमानाचा. भारतीय हवाई दलाचं नॅट एकट्याचं. १९६५ च्या लढाईत सेबरच्या मागं लागलं ते हेच. दोन आसनी नॅट भारतानं कधी घेतलंच नाही. दुसरा कुणी किट परत करून मोकळा झाला असता. विंग दोन रात्री विचार करून म्हणाले, "भारतानं घेतलं न्हाई हाच पुरावा. आपण वेगळं राष्ट्र होतो." रेड ॲरोजची स्टिकरं त्यांच्या धाकटीच्या कंपासपेटीवर गेली.

मग सुरू झाली दुसरी पाळी. रात्रीच्या जेवणानंतर चटईवर वर्तमानपत्र, त्यावर सुटे भाग. प्लास्टिकच्या कडेचा बारीक फ्लॅश ते कानशीनं काढतात. हे काम कंपनीत फेटलिंगच्या पोरांचं, म्हणून दिवसा त्याला हात लावत नाहीत. पत्र्यांचे सांधे कोरायला हुपरीच्या चांदी कारागिराकडून कोरणी आणली आहे. तळहातावर मावेल एवढ्या विमानावर त्या कोरणीनं ओढलेली रेघ बघितली की पैंजण घडवणाऱ्या कारागिरालाही जरा लाज वाटेल. पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, पुन्हा पॉलिश पेपर. एकदा डावा पंख पॉइंट तीननं वर बसला. डोळ्याला दिसतही नव्हता. विंगनी गुणाकार केला, पॉइंट तीन गुणिले बहात्तर, आणि हादरले. "खऱ्या विमानात एकवीस पॉइंट सहा मिलिमीटर! पायलट मरंल की." वाळलेला पंख उखडला, पुन्हा घासला, पुन्हा चिकटवला. जो पायलट कधी जन्मलाच नाही, तो बचावला.

रंग भगवा असावा, असं गल्लीतल्या सगळ्यांचं मत पडलं. विंगनी ते फेटाळलं. भगवं विमान आभाळात दोन कोसांवरून दिसतं. लढाईत ते शोभायात्रेला चाललंय असं वाटेल. खालून राखी, वरून पावसाळ्यातल्या पन्हाळ्याचा हिरवा. शेपटीवर मात्र छोटा भगवा पट्टा. आणि पंखांवर, जुन्या सनदी दगडांवर असतात तसे चंद्र-सूर्य. लाल वर्तुळात पांढरी कोर. ते बघून वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, हे तांबडा-पांढरा दिसतंय." त्या दिवशी घरात कुणी जेवणाचा विषय काढला नाही.

चंद्र-सूर्य आणि क्रमांक छापायला ते कागलातल्या रेडियमवाल्याकडं गेले. त्यानं माप ऐकलं, तीन मिलिमीटर उंचीची अक्षरं, आणि विचारलं, "गाडी कंची हाय?" जेट म्हटल्यावर त्यानं मान डोलावली, जणू रोजच दोन-चार येतात. स्टिकरं उत्तम कापून दिली. वर ओळखीचा म्हणून 'आईचा आशीर्वाद' फुकट. ते विंगनी लावलं नाही, पण फेकलंही नाही; वहीत चिकटवून ठेवलंय, 'वैमानिकांनी मागणी केली, मुख्यालयानं नाकारली' अशी नोंद करून.

असतं-तरवाल्यांच्या या जमातीतही जाती आहेत. कुणी पेशव्यांना सुखोई देतो, कुणी कान्होजी आंग्र्यांना विमानवाहू जहाज. विंग त्यांना 'पुराणवाले' म्हणतात आणि त्यांच्या पंक्तीला बसत नाहीत. मी त्यांना विचारलं होतं, मरुत का करत नाही? आपलं स्वतःचं जेट, जर्मन अभियंता कुर्ट टँक यांनी बेंगळुरूत आखलेलं, १७ जून १९६१ ला उडालेलं. देखणं. फक्त त्याच्या अंगाला साजेसं इंजिन कधी मिळालंच नाही. ऑर्फियस इंजिनावरच भागवावं लागलं, इजिप्तच्या इंजिनाचीही चाचणी झाली, आणि आवाजापेक्षा वेगानं जायला आखलेलं विमान सरळ उड्डाणात तो वेग कधी गाठू शकलं नाही. १४७ बनली आणि विषय संपला. असतं-तरला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठं मिळणार?

विंग पहिल्यांदा वैतागले. "तिथं गोळी न्हाई, पानिपत न्हाई, काय न्हाई. इंजिनाचे पैसे वेळेवर मंजूर झाले न्हाईत. रोज बघतोय की आम्ही तेच, घरी कशाला आणू?" आणि त्यांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये जरा जोरातच बुडवला.

पहिलं नॅट पूर्ण झालं तेव्हा कंपनीत आणलं. जेवणाच्या सुट्टीत सरफेस प्लेटवर ठेवलं. तिथं चहाचा कप ठेवला तर नोकरी जाते. पोरं जमली. कुणी 'नाद खुळा' म्हणालं, कुणी फोटो काढला, आणि एका नव्या ट्रेनीनं निरागसपणे विचारलं, "पण साहेब, यात तुम्ही कुठं? पायलट तुम्हीच असणार."

"मी? चष्मा लागलाय मला. पायलटला घेत न्हाईत," विंग म्हणाले. "मी गोदामात. इन्स्पेक्शनला."

"आपल्याच हवाई दलात?"

"मग काय तर."

"निदान पर्मनंट तरी?"

विंगनी चष्मा वर सरकवला. "अजून न्हाई. फाइल दिवाणांच्या टेबलावर हाय."