कांदिवलीचं अश्मयुग

१९९१च्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात इसवी सनपूर्व ४००० उजाडतं आणि पहिल्याच चालीत शहर वसवता येतं. एवढी घाई फक्त बिल्डरला असते. २०२१च्या ‘ह्यूमनकाइंड’ने निदान आधी टोळी घेऊन नवाश्मयुगात भटकायला लावलं. मला विचाराल तर सुरुवात कांदिवलीत हवी. तिथे के. आर. यू. टॉड यांना खरोखरच अश्मयुगीन हत्यारं सापडली. १९३९मध्ये त्यांचा लेखही छापून आला. नकाशा तयारच आहे. अंधेरीला गिल्बर्ट हिलचा साठेक मीटरचा कातळ, बोरिवलीला बिबट्या (तो अजून त्याच पातळीवर आहे). शिकार, कंदमुळं, विस्तव जमला की टोळीला गुहा मिळावी. ताबा घेण्याआधीच ती पुनर्विकासाला जावी, आणि टोळीने भाड्याच्या झाडावर पुढच्या युगाची वाट पाहावी. भाडं अर्थातच थकलेलं.