पावतीबहाद्दर

पगारदारांत एक प्राणी असा असतो की त्याला दुकानात वस्तूच्या आधी पावती दिसते. ‘पक्कं बिल द्या, जीएसटीचं,’ हे तो खुर्ची घेतानाही म्हणतो आणि पेनाची रिफिल घेतानाही. घरून काम सुरू झालं तेव्हा त्याने राउटर, हेडफोन, इन्व्हर्टर आणि पाठीला टेकू देणारी खुर्ची पदरमोड करून घेतली. बायको म्हणाली, ‘एवढी महाग?’ तर म्हणाला, ‘अगं, टॅक्समध्ये वसूल होईल.’ त्या खुर्चीत आता सासरेबुवा दुपारची डुलकी काढतात. पावती मात्र फाइलीत आहे. पावती म्हणायची एवढंच. थर्मल कागदावरची अक्षरं केव्हाच उडाली. कोऱ्या कागदावर हात फिरवून तो सांगतो, ‘हे हेडफोनचं.’

जुलैत ही फाइल सीएच्या टेबलावर आदळते. ती न उघडताच सीए सांगतो, की कामासाठी स्वतः घेतलेल्या वस्तूंची वेगळी वजावट नोकरदाराला आपल्याकडे मिळत नाही. मिळते ती सरसकट प्रमाणित वजावट: नव्या करप्रणालीत 75,000 रुपये, जुनीत 50,000.

‘मग तिला कुठली बिलं जोडू?’

‘एकही नाही.’

हा घाव त्याच्या वर्मी लागतो. पंच्याहत्तर हजार सुटल्याचा आनंद राहिला बाजूला, कुणी काही तपासलंच नाही याचं दुःख मोठं. 2018च्या अर्थसंकल्पाने ही वजावट 40,000 रुपयांची करून परत आणली आणि औषधपाण्याच्या बिलांवरची 15,000 रुपयांपर्यंतची सूट काढून घेतली, तेव्हापासूनच त्याचा सरकारवर राग आहे. (औषधांची बिलं जमवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.)

त्यात मेव्हणा इंटिरियर डिझायनर, स्वतःचा व्यवसाय असलेला. ठरावीक व्यावसायिकांना कायद्याने एक सोय दिली आहे: मर्यादेत असलेल्या एकूण जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवा, त्यावर कर भरा, उरलेली निम्मी खर्चात गेली असं सरकार धरून चालतं. मेव्हण्याच्या घरी किराण्याचंही बिल सापडायचं नाही. दिवाळीत तो हे हसत हसत सांगतो, आणि पावतीबहाद्दर निमूटपणे चकली मोडतो.

तुमच्या ऑफिसात असा कुणी असेल तर त्याला एवढंच सुचवा, की बाबा, लॅपटॉप कंपनीकडूनच मागून घे. कंपनीच्या मालकीचा लॅपटॉप वापरायला मिळाला तर त्यावर कर लागत नाही. तो ऐकणार नाही. त्या लॅपटॉपची पावती कंपनीकडे राहते.