ताटाखालचं डाएट

सावेडी, केडगाव, भिंगार, नगरात कुठंही जा, हा गृहस्थ भेटतोच. पंचेचाळिशी उलटलेली, पतसंस्थेत नाहीतर झेडपीत नोकरी, आणि पोटावरचं बटण कायम ताणलेलं. पहाटे तो चांदबीबीच्या महालाचा डोंगर चढतो. महालाला नाव चांदबीबीचं असलं, तरी आत कबर आहे निजामशाहीतल्या सलाबतखानाची. ह्याच्या डाएटचंही तेच. नाव ह्याचं, आतला कारभार आईचा.

आई पाथर्डीकडची. 1972 च्या दुष्काळात तिनं कोवळ्या वयात खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, अमेरिकेची लाल मिलो गिळली. अशा बाईसमोर ‘मी मुद्दाम अर्धपोटी राहतोय’ म्हणायला छाती लागते. ह्याची त्रेचाळीस इंची आहे, पण ती त्या कामाची नाही.

बरं, आई डॉक्टरांच्या विरोधात मुळीच नाही. डॉक्टर म्हणाले, गहू कमी करा, ज्वारी खा. ‘मी कवाधरनं सांगतेय!’ म्हणत तिनं मालदांडीची तिसरी भाकरी ताटात टाकली. औषध अर्धवट घ्यायचं नसतं. कडधान्य वाढवा म्हटल्यावर हुलग्याचे शेंगोळे आले, वर शेंगतेलाचा तवंग. मग ह्यानं मोबाइलवर डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं व्याख्यान ऐकलं : दिवसातून दोनदाच जेवा, तेही 55 मिनिटांत. आईनं नियम तत्काळ मान्य केला. पंचवीस मिनिटांत हा हात धुवायला उठला, की ती घड्याळाकडं बोट दाखवते. ‘बस खाली. आजून आर्धा तास हाये तुझा.’

उपवासाचा मार्गही त्यानं चोखाळून पाहिला. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि ‘उपाशी लेकरू’ म्हणून वर केळ्याचं शिकरण. तशी उपोषणाला आपल्या जिल्ह्यात मोठी प्रतिष्ठा. 2011 साली अण्णा हजाऱ्यांनी दिल्लीत अन्न सोडलं आणि सरकार हाललं. पण अण्णा राळेगणला यादवबाबांच्या मंदिरातल्या खोलीत राहतात. तिथं शेजारी पाट मांडून तुपाची वाटी घेतलेली आई बसलेली नसते. सासुरवाडीला जावं, तर अधिक महिना आला की तेहतीस अनारसे आणि पुरणाचे धोंडे वाट बघत असतात. जावयानं धोंड्याला नाही म्हटलं, तर सासूच्या व्रताचं काय?

राहता राहिली बायको. तिची साथ मिळेल असं आपल्याला वाटतं. त्यालाही वाटलं होतं. पण त्यानं चौथी भाकरी परत सारली, की सासूबाई संध्याकाळी शेजारच्या ओट्यावर सांगतात, ‘सुनंच्या हाताला चव न्हाई, पोरगं वाळलं पार.’ वाळलेलं पोरगं अठ्ठ्याण्णव किलोचं आहे. पण हिशेब लागतो तो सुनेच्या खात्यावर. त्यामुळं ती भाकरी वाढताना दातओठ खाऊन पुटपुटते, ‘गपगुमान खा.’ तिचं काय चुकलं? सकाळी सहाला तीन डबे भरायचे, त्यात ह्याचं वेगळं सूप, वेगळी कोशिंबीर, मोड आलेले मूग बिनमिठाचे. आपल्या आहाराला शिस्त लावणं म्हणजे बायकोला सूचना करणं, असं मानणाऱ्यांची जमात आपल्याकडं मोठी आहे. काकडी आपणही चिरू शकतो, हे त्याच्या ध्यानात यायला बरीच वर्षं लागली.

एकदा आलं. रविवारी तो स्वयंपाकघरात शिरला, सुरी शोधली (ती कुठं असते हे विचारावं लागलं) आणि काकडीला हात घातला. आईनं दारातून पाहिलं. ‘घरात दोन-दोन बाया जित्या असताना माझ्या पोरावर ही येळ!’ त्यानंतर दोन दिवस सासू-सुनेत अबोला. ऑफिसातून परतल्यावर ह्याला घरात फक्त कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या.

तिसऱ्या दिवशी समेट झाला. समेट म्हणजे अर्थातच पुरणपोळी. त्यानं पाच खाल्ल्या. दोन आईचा राग जावा म्हणून, दोन बायकोची बाजू राहावी म्हणून. पाचवीबद्दल मात्र तो कुणाचंच नाव घेत नाही.