आठवड्यात संपवतो, साहेब!

ब्रॅड अँडरसनच्या ‘सेशन ९’ (२००१) या भयपटात रक्त यायला बराच उशीर लागतो आणि मेणबत्ती घेऊन फिरणारी पांढरी साडी तर येतच नाही. गोष्ट पडली मॅसॅच्युसेट्सची. डॅनव्हर्सचं सरकारी मनोरुग्णालय १८७८मध्ये सुरू झालं, १९९२मध्ये बंद पडलं. त्या ओसाड इमारतीतलं अ‍ॅस्बेस्टॉस काढायला पाच माणसं येतात, इतकंच कथानक. चित्रीकरणही तिथलंच, त्यामुळे भिंतींचे पोपडे आयते मिळाले.

खरा थरकाप मात्र सुरुवातीलाच उडतो. काम हातचं जाऊ नये म्हणून कंत्राटदार गॉर्डन सांगून बसतो, ‘आठवड्यात संपवतो!’ पुढे एका जुन्या रुग्णाच्या मुलाखतींच्या टेपा सापडतात, आवाज ऐकू येतात, एक कामगार नाहीसा होतो. जाणकार याला मनाचा अंधार वगैरे म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यानं एकदा तरी घराचं रंगकाम काढलंय, त्याला ठाऊक असतं की आठवड्याची मुदत देणारा कंत्राटदार आणि शुद्धीवरचा माणूस एका देहात नांदत नाहीत.

वास्तूचं पुढे काय झालं? २००६मध्ये पाडकाम सुरू झालं, मधला दर्शनी भाग तेवढा राखला आणि टेकडीवर भाड्याची अपार्टमेंट्स उभी राहिली. पूजाबिजा, उतारा, काही नाही. एवढ्या मोक्याच्या जागेचं भाडं कुठल्या भुताला परवडणार?