जिनिंगवरचा जेरंड

जेरंड आणि प्रेझेंट पार्टिसिपल यांतला फरक काटोलात मला एकट्यालाच कळतो, असा माझा समज आहे आणि तो मी जिवापाड जपला आहे. 'वेटिंग रूम' म्हणजे वाट पाहायची खोली; खोली स्वतः कोणाची वाट पाहत नाही, म्हणून जेरंड. 'बार्किंग डॉग'मधला कुत्रा स्वतःच भुंकतो, म्हणून पार्टिसिपल. एवढं सांगून मी चष्मा पुसतो.

'व्हिजिटिंग रिलेटिव्हज कॅन बी बोअरिंग' हे माझं हुकमी वाक्य. नातेवाइकांकडे जाणं कंटाळवाणं, की आलेले नातेवाईक? आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की नागपूरहून जे पाहुणे उगवतात, ते पाहून निकाल लावावा.

पण माझा खरा जीव जिनिंगवर. मूळ इंग्रजीत ही नुसती क्रिया: रुई आणि सरकी वेगळी करणं. विदर्भानं तिला फाटक दिलं, वजनकाटा दिला, चौकीदार दिला. "बाबा कुठं गेले?" "जिनिंगवर." तिथं कापसाच्या गाड्यांची रांग लागते, भावावरून हुज्जत होते, चुकारा अडतो. व्याकरणाचं पुस्तक लिहिणारे रेन आणि मार्टिन दोघं मिळूनही एखाद्या जेरंडला असा संसार थाटून देऊ शकले नाहीत! या विषयावर मी वर्गात तासभर बोलू शकतो. बोलतोही.

असाच एकदा रंगात आलो असताना मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "सर, माही माय जाते जिनिंगवर. पण पेपरात काय लिहू? नाव चुकलं तं मार्क काटतात."

दिवसभर रुईच्या धुळीत खोकणाऱ्या बाईच्या पोराला मी काय शिकवत होतो? इंग्रजीचं एक सरळ वाक्य लिहिताना त्याला घाम फुटतो, आणि मार्क जातो तो नावापायी. जुन्या इंग्रजीत जेरंड आणि पार्टिसिपल या दोन रूपांचे प्रत्यय खरोखर वेगळे होते, नामाला 'उंग' किंवा 'इंग', विशेषणाला 'एंडे'. इंग्रजांनीच बोलता बोलता ते एक करून टाकले. 2002 साली हडलस्टन आणि पुलम यांनी केंब्रिजच्या व्याकरणात दोघांना 'जेरंड-पार्टिसिपल' या एकाच नावाखाली बसवलं. माझी गादी गेली, ती अशी.

पेपर तपासणाऱ्या मास्तरांनो, पोराचं वाक्य बरोबर असेल तर मार्क देऊन टाका. नावाचा तंटा आपण चहावर मिटवू.