फिशपाँड लिहिण्याची शासनमान्य नसलेली पद्धत

दहावीच्या निरोप समारंभात टेबलावर एक डबा ठेवलेला असतो. कधी बुटांचा, कधी मिठाईचा, वर ब्लेडने पाडलेली फट. वर्गातल्यांनी एकमेकांवर लिहिलेल्या निनावी चिठ्ठ्या त्यात पडतात, सूत्रसंचालक त्या वाचून दाखवतो, आणि ज्याच्यावर फिशपाँड पडला त्याने हसण्याची प्रथा आहे. कुठे याला शेलापागोटेही म्हणतात. मराठीच्या पेपरात पत्रलेखन येतं, बातमीलेखन येतं, जाहिरातसुद्धा येते. या साहित्यप्रकाराला मात्र एकही गुण ठेवलेला नाही. परिणाम दिसतोच. चांद्यापासून सिरोंचापर्यंत त्याच चिठ्ठ्या फिरतात: सिनेमातला एखादा संवाद, पुढे टिंबं, मग नाव. यंदाचं नाव खोडून पुढच्या वर्षीचं घातलं तरी चालेल अशी सोय. मुलं इतकी वर्षं एका बाकावर बसली, त्याचा एवढाच पुरावा उरणार असेल तर पद्धतशीर मार्गदर्शनाची गरज आहे, आणि शासन ते करील असं दिसत नाही.

सुरुवात शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून करावी. प्रत्येक मुलाचं अधिकृत व्यक्तिचित्र शाळा स्वतःच लिहून, शिक्का मारून देते. त्यात नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, मातृभाषा, धर्म, जात हे सगळं असतं. स्वभावासाठीही रकाना आहे: वर्तणूक. तिथे ‘चांगली’ असं लिहिलेलं असतं. खिडकीतून उडी मारून पळणाऱ्याचीही चांगली, पळणाऱ्याचं नाव सांगणारीचीही चांगली. यात शाळेचा दोष नाही. दाखल्यावर खरं लिहिलं तर अकरावीला प्रवेश कोण देणार? पण त्यातून आपल्याला नियम मिळतो. दाखल्यात ज्याला रकाना आहे ते फिशपाँडात येता कामा नये. ते सरकारने आधीच लिहून ठेवलं आहे, आणि मुलाने त्यातलं काहीही स्वतः निवडलेलं नाही. जात गेली, धर्म गेला, गाव गेलं. मातृभाषाही गेली. गडचिरोलीतल्या एखाद्या वर्गात घरी माडिया बोलणारा, तेलुगू बोलणारी आणि बंगाली बोलणारा एकाच बाकावर असू शकतात. त्यांच्या मराठी उच्चारावर हसणाऱ्याने आधी त्यांच्या भाषेत पाणी मागून दाखवावं, मग चिठ्ठी टाकावी.

यावर हुशार विद्यार्थी विचारील: उंची, रंग, जाडी यांना दाखल्यात रकाना नाही, मग त्यावर लिहायला हरकत काय? उत्तर वनविभागाकडे आहे. पूर्वी वाघ मोजत ते पायाच्या ठशांवरून. ठसा पाहून नर की मादी, लहान की मोठा एवढा अंदाज बांधता येई, पण हाच तो वाघ असं छातीठोक सांगता येत नसे; एकच वाघ दोनदा मोजला जाई. २००५मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात वाघ फक्त कागदावर उरल्याचं उघड झालं, आणि २००६पासून देशभरच्या गणनेत कॅमेरा ट्रॅप आले. आता ताडोब्यात वाघ ओळखतात तो अंगावरच्या पट्ट्यांवरून, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. ‘जाड्या’, ‘काळ्या’, ‘लंबू’ हे ठसे आहेत. दर वर्गात एकेक सापडतो. पट्टा म्हणजे ती सवय जी साऱ्या शाळेत एकाचीच असते. आणखी एक बारकावा आहे. वाघाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी कबड्डीच्या मैदानावर पंचाशी कशी भांडते, हे एकाच बाजूने पाहणाऱ्याला कळत नाही. अशा लेखकाने चिठ्ठी लिहू नये, टाळ्या वाजवाव्यात.

पण ताडोब्याचे गाईडच वाघोबाला ‘स्कारफेस’ म्हणत होते ना, तोंडावरच्या व्रणावरून? होय, वाघडोह नावाच्या त्या प्रसिद्ध नराला ते नाव होतं. पण वाघडोह निरोप समारंभाला बसलेला नव्हता, आणि त्याचे आईवडील पहिल्या रांगेत नव्हते.

चांगल्या फिशपाँडाची कसोटी यातूनच ठरते: नाव न वाचता चिठ्ठी वाचावी, आणि सगळ्या माना एकाच बाकाकडे वळाव्यात. माना चार दिशांना वळल्या तर चिठ्ठी रद्द समजावी. ‘घर शाळेच्या भिंतीले लागून, अन् हजेरीले येते एसटीवाल्यांच्या मागून’ ही चिठ्ठी चालेल, कारण असा मुलगा वर्गात एकच असतो. लांबच्या गावांतून मानव विकास योजनेच्या बसने येणाऱ्या मुली वेळेवर पोचतात आणि हा रस्ता ओलांडताना अडकतो. ‘चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॅट वीज बनवते, अन् आमच्या गावची लाईन जाते, तसं ह्यानं साऱ्या बाकाले गणित सांगतलं, अन् स्वतः बेरजेत चुकला’ हीही चालेल, यात चिमटा आहे आणि उपकाराची पावतीही आहे. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात, शंकरपट किंवा मंडई असली की नाटक ठरलेलंच, आणि ते रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. म्हणून पहिल्या तासाला झोपणाऱ्यावर लिहू नये; त्या दिवसांत अर्धा वर्ग झोपलेला असतो, माना कुठे वळवणार? जो झोपेतही खलनायकाचं हसू हसतो, त्याच्यावर लिहावं.

एका विषयात मात्र हात आखडता घ्यावा. उशीर झाला की ‘रस्त्यात वाघ होता’ हे कारण बाकी महाराष्ट्रात थाप ठरतं. इथे चंद्रपूर-गडचिरोलीत ते खोटं म्हणण्याची हिंमत कोणत्याही शिक्षकाला होत नाही, आणि त्याचा फायदा घेणारा एक तरी महाभाग असतोच. तो फिशपाँडाला अगदी योग्य उमेदवार. पण याच जिल्ह्यांत मोहफुलं वेचताना, सरपण आणताना, गुरं चारताना माणसं वाघाच्या हल्ल्यात मेली आहेत, दरवर्षी मरतात. चिठ्ठी टाकण्याआधी वर्गावर नजर फिरवावी. अशा घरातलं एकही मूल बसलेलं असेल तर ती चिठ्ठी खिशात ठेवावी, कितीही चांगली जमली असली तरी. मुलगा-मुलगी यांची नावं जोडणाऱ्या चिठ्ठीबद्दलही असंच. ती सर्वांत सोपी, सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी. तिच्यातून दोघांपैकी कोणाचाच पट्टा दिसत नाही. शिवाय ती ओळ संध्याकाळपर्यंत गावात पोचते, आणि तिच्यापायी मुलीचं अकरावीचं नाव कापलं जाऊ शकतं. एवढ्या हशाला तेवढी किंमत कोणी लावत नाही.

साहित्याच्या दृष्टीने सर्वांत श्रीमंत ती आश्रमशाळा. गावातली शाळा मुलाला दिवसाचे पाच-सहा तास पाहते. आश्रमशाळा त्याला झोपेतही पाहते. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची निवासी शाळा १९७६पासून आहे, आणि दोन्ही जिल्ह्यांत शासकीय व अनुदानित आश्रमशाळा कितीतरी. तिथे दहावीच्या मुलाला ठाऊक असतं की कोण दुसऱ्यांदा वरण घ्यायला ताट पुसून पहिल्यासारखं करून रांगेत लागतो, कोणाचा साबण वर्षभर संपत नाही कारण तो दुसऱ्याचा वापरतो, आणि सुटीहून परतताना कोणाच्या पिशवीत सर्वांसाठी चारोळ्या असतात. इथे लेखकाची अडचण उलटी असते: काय लिहावं हा प्रश्न नसून काय गाळावं हा असतो. जे रात्री अंधारात, घरची आठवण आल्यावर सांगितलं गेलं, ते गाळावं. बाकी सगळं डब्यात.

आता आक्षेप. पहिला जाणत्यांचा: आजकाल मुलं हळवी झाली आहेत, फिशपाँड बंदच करावेत, त्याऐवजी प्रत्येकाबद्दल चार चांगले शब्द बोलावेत. दुखावणाऱ्या चिठ्ठ्या पडतात हे खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चार चांगले शब्द म्हणजे पुन्हा तो वर्तणुकीचा रकानाच. मनमिळाऊ, हसतमुख, अभ्यासू. साऱ्या वर्गाला एकाच मापाचा गणवेश. स्तुती न पाहताही करता येते, नेमका चिमटा पाहिल्याशिवाय काढता येत नाही. म्हणून बंदी घालायचीच असेल तर ती न पाहता लिहिण्यावर घालावी. दुसरा आक्षेप मुलांचा: गमतीला एवढे नियम लावले तर गंमत काय उरली? उरते ती वाचणाऱ्याची नव्हे, ज्याच्यावर वाचलं त्याची. आणि कार्यक्रम त्याच्याच निरोपाचा आहे. तिसरा आक्षेप असा की चिठ्ठी निनावी असते, म्हणून माणूस वाट्टेल ते लिहितो. हा भ्रम आहे. इतकी वर्षं एकमेकांच्या वह्या उतरवून काढलेल्यांना अक्षर ओळखू येत नाही, असं केवळ लिहिणाऱ्यालाच वाटतं.

आदल्या दिवशी एक काम न चुकता करावं: हजेरीपट घेऊन चिठ्ठ्या मोजाव्यात. दोघा-तिघांच्या नावावर डझनभर निघतील आणि काहींच्या नावावर एकही नाही. ही काही मुलं शांत, शेवटून दुसऱ्या बाकावरची, बहुधा कधीच उशिरा न येणारी. त्यांना पट्टे नाहीत असा निष्कर्ष काढू नये; त्या वाटेवर कॅमेरा लावलेला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. संयोजकांनी उरलेला दिवस त्यांच्यामागे घालवावा, आणि काहीच सापडलं नाही तर त्यांच्या बाकावरच्या जोडीदाराला विचारावं. तो पंधरा मिनिटं थांबत नाही.

शिक्षकांवर लिहिता येतं, नव्हे, लिहावंच. गडचिरोलीला बदली म्हणजे शिक्षा, असं राज्यभर मानतात. तेव्हा दर मे महिन्यात बदलीचा अर्ज करणारे आणि दर जूनमध्ये पुन्हा फळ्यापुढे उभे दिसणारे सर हा विषय कायम ताजा असतो. पहिल्या दिवशी ‘इथे वाघ येतो का?’ विचारणारे आणि आता पाहुण्यांना वाघाची पंधरा लक्षणं सांगणारे सरही तसेच. मुख्याध्यापक सर्व चिठ्ठ्या आधी तपासतात, हे गृहीत धरावं. त्यांच्यावरची चिठ्ठी म्हणून डब्यात टाकूच नये, सूत्रसंचालकाच्या वरच्या खिशात ठेवावी, आणि प्रमुख पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवायला ते बाहेर पडले की वाचावी.